मैदान कुणाच्या बापाचं?

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन-तीन तास लिहिलेले असतात. शारीरिक शिक्षण. पोरं त्याला पी.टी. म्हणतात. घंटा झाली की पोरं बोंबलत मैदानावर पळतात आणि पोरी भिंतीच्या कडेला सावलीत जाऊन बसतात. एकमेकींच्या वेण्या घालतात. भरतकामाची टोपली काढतात. कुणी स्टाफरूममधले कप विसळते, कुणी पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं बसवते. वर्ष संपतं तेव्हा प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणापुढे सगळ्यांना श्रेणी पडते. पोरीलाही 'अ' मिळतो. कशाचा 'अ'? बसण्याचा?

मित्रांनो, आपण शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढले, वसतिगृहासाठी काढले. नामांतरासाठी माणसं मेली, घरं जळली. ते करायलाच हवं होतं. पण ह्या खेळाच्या तासावर एक घोषणा मी आजवर कुठल्या मोर्चात ऐकली नाही. आपल्याला ते क्षुल्लक वाटतं. पोरगी शिकली म्हणजे झालं, खेळली काय न् न खेळली काय, असं आपल्यातले चांगले शिकलेले लोक बोलतात. वरून म्हणतात, खेळ म्हणजे पोटभरल्यांचे चोचले.

चोचले? मग महाडचं पाणी पण चोचलाच होता. लोक तहानेनं मरत होते म्हणून बाबासाहेब तळ्यावर गेले नव्हते. ते का गेले ते त्यांनीच सांगितलं: आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला.

आणि ते तळं नीट आठवा. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं आपलं झालं. ओंजळीत पाणी यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतरही डोकी फुटली, शेणमूत टाकून तळ्याचं शुद्धीकरण झालं आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल आलं. ठराव ते पाणी, एवढं अंतर.

शाळेचं मैदान हे आजचं तसलंच तळं आहे. पोरींनी येऊ नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठंच नाही. उलट घटनेचं पंधरावं कलम जातीच्या शेजारी लिंग लिहून सांगतं की भेद करायचा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे, मुलामुलींसाठी वेगळी मुतारी आहे. सहावी ते आठवीला शंभरावर पोरं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षकही आहे. सगळं आहे. पण मैदानाच्या मधोमध क्रिकेटचं पिच आहे, चारी बाजूंनी पोरं उभी आहेत आणि पोरीला उरते ती कुंपणाच्या कडेची पायवाट. तिला कुणी येऊ नको म्हणत नाही. म्हणायची गरजच नाही, तिला ते पाचवी-सहावीतच कळलेलं असतं. आपल्या आज्या-पणज्यालाही रोज सकाळी उठून कुणी सांगायला येत नव्हतं की बाबा, तळ्यावर जाऊ नकोस. व्यवस्था मुरली की तिला पहारेकरी लागत नाही.

आता शरीराची गोष्ट. मास्तर म्हणतात, पोरींचं शरीरच नाजूक, निसर्गानंच तसं केलंय. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, कारण हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. इंग्रजांच्या पलटणीत महार लढले, कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं कोरली गेली. आणि १८९० च्या दशकात त्याच इंग्रजानं महारांची भरती बंद केली. शास्त्र काय सांगितलं? अमुक जाती लढाऊ, तमुक जाती लढाऊ नाहीत. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा त्याच महारांची पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. १९४१ साली पुन्हा गरज लागली, मग महार रेजिमेंट. म्हणजे आमची हाडं दर वीस वर्षांनी मजबूत न् कमजोर होत होती काय? हाडं तीच होती. साहेबाची गरज बदलत होती.

बायकांच्या हाडांचंही तेच.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. माझ्या खात्यात माझ्याच वयाच्या पोरी आहेत. आठ तास फ्रेमच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, तुटलेला धागा सांधायचा, भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या चढवायच्या. बसायला स्टूल नाही. कानात मशीन, नाकात कापसाचं तूस. एका पाळीत त्या किती मैल चालतात ते त्यांच्या टाचांना विचारा. कुठला सुपरवायझर म्हणतो का, बाई, तुम्ही नाजूक, सावलीत बसा? आणि ह्याच पोरी काही वर्षांमागे शाळेत पी.टी.च्या तासाला सावलीत बसत होत्या. शाळेच्या फाटकातून गिरणीच्या फाटकात येईपर्यंत निसर्ग बदलला वाटतं!

उसाच्या फडात जा. तिथं नवराबायको मिळून एक कोयता. बाई पहाटेपासून तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. तिथंही तिला नाजूक म्हणायला कुणी येत नाही. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की दंड. त्या खाड्याच्या धाकानं बीड जिल्ह्यातल्या बायांनी गर्भपिशव्या काढून घेतल्या. २०१९ साली विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला, समिती नेमली गेली. आता जोडून बघा. शाळेत पाळी आली की पोरीला मैदानावर बंदी, फडात पाळी आली तरी सुट्टी नाही. शरीर तेच, रक्त तेच. जिथं ते दुसऱ्यासाठी राबतं तिथं ते दणकट, जिथं ते स्वतःच्या आनंदासाठी पळू बघतं तिथं ते नाजूक. ह्याला शास्त्र म्हणायचं?

हे काही आपल्याच मुलखातलं पाप नाही. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर पळाल्या. जर्मनीची लिना राडके विश्वविक्रम करून जिंकली. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. पण पेपरवाल्यांनी छापलं की बाया पटापट कोसळल्या, काय ते भयानक दृश्य! शर्यत संपल्यावर पुरुषही गवतावर आडवे पडतात, त्याला दमणं म्हणतात. बाई आडवी पडली की ते निसर्गाविरुद्ध. त्या खोट्या बातम्यांच्या जोरावर बायकांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती १९६० साली रोमला परत आली. बत्तीस वर्षं! एवढ्यात पळणाऱ्या पोरींची अख्खी पिढी म्हातारी झाली.

आणि गंमत ऐका. आज महाराष्ट्रात पोलीस भरतीला पोरीला जे अंतर पळायला लावतात ते हेच, ८०० मीटर. पुरुषाला १६०० मीटर, बाईला ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीला ५० गुण. त्यात निम्मे पडले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे तुम्ही कितीही पुस्तकं पाठ करा, पहिला दरवाजा पायांनी उघडायचा आहे.

माझी धाकटी बहीण भरतीला उतरली. घटना तिची माझ्यापेक्षा पाठ, सामान्य ज्ञानात तिला कुणी हरवत नाही. पण शाळेच्या सगळ्या वर्षांत तिच्या हातात एकदाही लोखंडी गोळा आला नव्हता. पहिल्यांदा हातात घेतला तो अठरा वर्षं भरल्यावर, अकॅडमीवाल्याला महिन्याची फी मोजून. त्या फीसाठी मी दोन-दोन पाळ्या केल्या. आमच्या शाळेत गोळा होता, मी स्वतः टाकलाय. तो पोरांच्या खोलीत कुलपात असायचा, पोरींच्या नावावर चार रिंगा आणि दोरीच्या उड्या मारायची एक दोरी होती. धाकटी १०० मीटरला बरी पळाली, गोळ्यात गेली. निम्म्याला दोन गुण कमी पडले. हे दोन गुण कुणी खाल्ले? भरतीच्या मैदानावरच्या साहेबानं नाही. त्यानं टेप लावून बरोबर मोजलं. ते गुण आठवीतल्या, नववीतल्या खेळाच्या तासाला खाल्ले गेले, थोडेथोडे करून, दर आठवड्याला.

सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के, खेळाडूंना ५ टक्के राखीव. आपण राखीव जागेसाठी रक्त आटवतो. आणि त्या जागेपर्यंत धावत जायचे पाय आपल्याच पोरींचे बांधून ठेवलेत ते आपल्याला दिसत नाही. पैसेवाल्याच्या पोरीला काय फरक पडतो? तिला क्लब आहे, पोहण्याचा तलाव आहे, बॅडमिंटनचं कोचिंग आहे, न्यायला-आणायला गाडी आहे. वस्तीतल्या पोरीला फुकटचं मैदान एकच, शाळेचं. ते गेलं की तिचं सगळं गेलं. घरी आली की हंडा, भांडी, धाकटं भावंडं. वस्तीतल्या चौकात भाऊ खेळतोय, तिनं खेळायचं म्हटलं तर शेजारची मावशी म्हणते, वयात आलेली पोरगी काय उड्या मारते!

ह्या 'वयात आलेली' शब्दावर थांबू या, कारण सगळी ग्यानबाची मेख इथंच आहे.

आपल्यातले काही विचारवंत मित्र म्हणतात, आधी जातीचं बघू, बायकांचं मागून. त्यांनी बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध वाचलेला दिसत नाही. कोलंबियात, पंचविशीत, माझ्या वयाचे असताना त्यांनी तो वाचला. जात म्हणजे काय? जातीतल्या जातीत लग्न. आणि ते टिकवायचं तर बाईला ताब्यात ठेवायला हवं. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य, म्हणून बालविवाह. जातीचं कुलूप बाईच्या देहाला लावलेलं आहे, हे त्यांनी तेव्हाच दाखवून ठेवलं. मग सातवीतली पोरगी पळते तेव्हा गावाच्या पोटात का दुखतं ते कळतं. पळणारी पोरगी कुठंही जाऊ शकते. तिला स्वतःच्या दमाचा, स्वतःच्या ताकदीचा अंदाज येतो. म्हणून ती वयात आली की आधी मैदान बंद, मग ओढणी पिनांनी घट्ट, मग शाळा बंद, मग लग्न. सती गेली, पण तिची ही धाकटी भावंडं रांगेत उभी आहेत. खेळाचा तास हा त्या रांगेतला पहिला. तेव्हा जातीचं आधी न् बायकांचं मागून, ही वाटणी कुणी केली? बाबासाहेबांनी नाही केली. हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणारा तो माणूस होता.

कपड्याचं म्हणाल तर तेही सोडू नका. पोरांना हाफपँट नाहीतर ट्रॅकपँट, पोरींना स्कर्ट नाहीतर पंजाबी ड्रेस आणि वर ओढणी. ओढणी घेऊन खो-खो खेळून दाखवा एकदा सर, आम्ही टाळ्या वाजवू. कपड्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: महाडलाच, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितलं होतं की जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, तसले दागिने घालू नका. आणि बायांनी लगेच नेसण बदलली. कपडा हा हुकूम असतो आणि हुकूम मोडता येतो.

दुसरं म्हणतात, मैदानावर पोरं टवाळक्या करतात, शिट्ट्या मारतात, म्हणून पोरींना आत बसवतो. वा रे न्याय! शिट्टी मारणारा मैदानावर, जिला मारली ती वर्गात कोंडलेली. गावात मारहाण झाली की पोलीस वस्तीलाच सांगतात, तुम्हीच जरा शांत राहा. तीच अक्कल. टवाळाला बाहेर काढा. एकदा काढून बघा.

मुतारीचं तर लिहायचीही लाज वाटते. दार नाही, असलं तर कडी नाही, पाणी नाही. पोरी सकाळपासून पाणी पीत नाहीत, मुतारीला जावं लागू नये म्हणून. रिकाम्या घशानं उन्हात पळायचं कसं? वर मास्तर म्हणणार, बघा, पोरींना चक्कर येते.

आता दारातली घाण सांगतो, राग आला तरी चालेल. १४ एप्रिल आला की आपल्या वस्त्यांत काय होतं? क्रिकेटच्या टुर्नामेंट. मोठे बॅनर, टीशर्ट, ट्रॉफ्या, डीजे. कबड्डीही होते कुठंकुठं. आणि पोरींना काय? रांगोळी, वक्तृत्व, फार तर संगीत खुर्ची. म्हणजे शाळेतल्या मनूचं आपण गल्लीत पुतळ्यासमोर पुन्हा रोपटं लावतो. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक घेतला. प्रत्येकाच्या मोबाईलवर स्टेटस. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला, पोरींचा संघ नेपाळला हरवून जिंकला. कर्णधार प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातली. तेव्हाही स्टेटस. आणि दुसऱ्या दिवशी बहिणीनं बॅट मागितली की, चल हो बाजूला, बॉल लागेल तुला.

पळवणकर बाळूंचं नाव आपण अभिमानानं घेतो. चर्मकार घरातला हा माणूस पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर पिच राखायचा, रोलर फिरवायचा, नेटमध्ये साहेबांना तासन् तास बॉलिंग टाकायचा. बॅट मात्र हातात मिळायची नाही. हिंदूंच्या संघात घेतलं तेव्हा बॉल त्याच्या हातचा चालायचा, चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या तरी हिंदूंनी त्याला कर्णधार केलं नाही. हे वाचून आपल्या मुठी वळतात. मग आता शाळेच्या क्रीडा महोत्सवात बघा, पोरगी काय करते. फक्कीच्या रेषा मारते. पाण्याचे ग्लास फिरवते. गुण मांडते. सीमेबाहेर गेलेला बॉल आणून देते. बक्षिसाचं ताट धरून उभी राहते. मैदानावर ती आहे, पण खेळात नाही. बाळूच्या वाट्याला आलेलं आपण तिच्या वाट्याला घातलंय.

आणि जी दोन्ही कुंपणं ओलांडून जाते तिचं काय होतं? वंदना कटारिया. टोकियोत, २०२१ साली, ऑलिंपिकच्या हॉकीत हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. ४ ऑगस्टला संघ उपांत्य सामना अर्जेंटिनाशी हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावात वरच्या जातीच्या टोळक्यानं तिच्या घरापुढं फटाके फोडले, नाचले, जातीवरून शिव्या दिल्या. घरच्यांना पोलिसांत जावं लागलं. देश हरला म्हणून फटाके! बाई म्हणून आणि दलित म्हणून, दोन्ही राग एकाच फटाक्यात. अशा पोरीच्या मागं उभं राहायला तिथली वस्ती होती. आपल्या वस्तीतली पोरगी निघाली तर आपण मागं असू, की तिच्या वाटेत?

तेव्हा कामाचं बोलू. सरकारी न् अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात पाऊण हिस्सा पालक लागतात आणि निम्म्या बाया. बहुतेक ठिकाणी ही समिती सहीपुरती असते, आपली आई तिथं अंगठा न् चहा ह्यापलीकडे जात नाही. तिला घेऊन जा, तिच्या शेजारी बसा, बोलू मात्र तिलाच द्या. तिनं विचारायचं: खेळाच्या तासाला माझी पोरगी काय करते? गोळा कुठंय, किल्ली कुणाकडं? मुतारीला कडी कधी लागणार? आठवड्यातून दोन दिवस मैदानाचा मधला भाग पोरींना, असं वेळापत्रकात लिहून भिंतीवर लावा. पोरींना ट्रॅकपँट चालेल असा ठराव करा. इतिवृत्ताच्या वहीत उतरवून घ्या, त्याखाली सह्या घ्या, झेरॉक्स काढून ठेवा. आणि ठराव झाला म्हणून घरी जाऊन झोपू नका. पुढच्या बुधवारी खेळाच्या तासाला कुंपणाबाहेर जाऊन उभे राहा, मोजा, किती पोरी मैदानात आहेत.

आमच्या वस्तीत ह्या जयंतीला पोरींच्या कबड्डीच्या आठ संघांचे सामने ठरवलेत. मंडळात दोन रात्री भांडण झालं, तिघं उठून गेले, त्यातला एक परत आला. क्रिकेटच्या ट्रॉफीचे पैसे निम्मे करून मॅट भाड्यानं आणतोय. पंच बाईच असणार, शेजारच्या तालुक्यातून येतेय. रांगोळी पोरांनी काढायची. वर्गणीच्या पावत्या छापल्यात, ज्यांना पाहिजेत त्यांनी दुसरी पाळी सुटल्यावर गिरणीच्या फाटकाशी भेटा.